खुल्या पुस्तकांना कुलूप

मुक्त शैक्षणिक संसाधनांवरचा एक जाडजूड ग्रंथ माझ्या टेबलावर पडला आहे. विदर्भातल्या एका महाविद्यालयानं भरवलेल्या राष्ट्रीय परिसंवादातले निबंध त्यात बांधलेत. गुळगुळीत कागद, आयएसबीएन क्रमांक, मुखपृष्ठावर पृथ्वीचा निळा गोल आणि त्याला विळखा घालून बसलेल्या तारा. विषय काय, तर ज्ञान सर्वांना खुलं कसं करावं. आता दुसरं पान उलटा. सर्व हक्क सुरक्षित. प्रकाशकाच्या लेखी परवानगीशिवाय या ग्रंथाचा कोणताही भाग कोणत्याही स्वरूपात... पुढचं वाक्य तुम्हाला तोंडपाठ आहे, मी कशाला लिहू? त्याखाली किंमत. खोली करून शिकणाऱ्या पोराची आठवड्याची मेस त्यापेक्षा स्वस्त पडते.

संपादक मंडळात ही नावांची रांग, आणि एकूण एक डॉक्टर. एवढ्या विद्वानांत एकाच्याही डोळ्याला ही विसंगती खुपली नाही. खुल्या ज्ञानाचा पुकारा करणारा ग्रंथ हक्कांच्या तारेत गुंडाळून विकताना कुणाचा हात अडखळला नाही, कारण पुस्तक खुलं व्हावं ही त्यांच्यातल्या कुणाची गरजच नव्हती. निबंध छापून यायला हवा होता. तो आला, प्रमाणपत्र मिळालं, बढतीच्या फायलीला झेरॉक्स जोडली, विषय मिटला. बावळटपणा असता तर मी सोडून दिला असता. हा सराईत दांभिकपणा आहे, आणि आपल्या विद्यापीठीय जगात तो इतका मुरलाय की आता कुणाला त्याचा वासही येत नाही.

मुळात भानगड काय आहे ते सांगतो, कारण परिसंवादांनी तिच्यावर पारिभाषिक शब्दांची इतकी पुटं चढवलीत की खालचं साधं काम दिसेनासं झालंय. 2001 साली अमेरिकेतल्या एमआयटीनं आपल्या अभ्यासक्रमांची टिपणं, गृहपाठ, परीक्षेचे प्रश्न इंटरनेटवरून जगाला फुकट देण्याचं जाहीर केलं. 2002 साली पॅरिसला युनेस्कोच्या बैठकीत अशा साहित्याला ‘ओपन एज्युकेशनल रिसोर्सेस’ हे नाव पडलं. त्याच वर्षाच्या शेवटी क्रिएटिव्ह कॉमन्सचे परवाने आले. त्यात लेखक आधीच लिहून ठेवतो: वाटा, छापा, भाषांतर करा, तोडा, जोडा, फक्त माझं नाव द्या. कुणी अट घालतो की बदललेलं पुस्तकही असंच खुलं ठेवा. कुणी म्हणतो, त्यावर धंदा नको. 2019 साली युनेस्कोच्या सर्वसाधारण परिषदेनं सदस्य देशांना याबाबत रीतसर शिफारस केली. झालं. यात गूढ काही नाही. पत्र न लिहिता, कुणाच्या केबिनबाहेर न ताटकळता पुस्तक आपलंसं करायची सोय, एवढाच त्याचा अर्थ.

आता यवतमाळला या. इथली बहुतेक महाविद्यालयं संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाला जोडलेली. 1983 साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाखाली अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा आणि वाशीम असे पाच जिल्हे येतात. उमरखेडच्या किंवा झरी-जामणीच्या पोराला अमरावतीच्या ग्रंथालयात जाऊन यायचं म्हटलं की अख्खा दिवस मोडतो, एसटीचं भाडं लागतं, आणि सुगीचे दिवस असले तर रोजीही बुडते. पुण्याच्या विद्यार्थ्याला पुस्तकांच्या दुकानांचा अप्पा बळवंत चौक आहे. मारेगावच्या विद्यार्थिनीकडे मोबाइल आहे आणि त्यात दिवसाला दीड जीबी. महाराष्ट्रात डिजिटल संग्रहाची खरी निकड कुठे असेल तर ती अशा जिल्ह्यात.

त्या विद्यार्थिनीला मिळतं काय?

एका महाविद्यालयाची डिजिटल ग्रंथालयाची खोली सांगतो. नाव कशाला घ्यायचं, तुमच्या गावातही अशी एक असेल. दारावर फ्लेक्स. त्यावर संस्थाध्यक्ष, सचिव, प्राचार्य, आणि सगळ्यात लहान फोटो ग्रंथपालांचा. आत संगणकांची रांग, प्रत्येकावर प्लास्टिकचं आवरण. किल्ली शिपाईमामांकडे. मामा टपाल घेऊन संस्थेच्या कार्यालयात गेले की खोली बंद. भिंतीवर फ्रेम करून लावलेली यादी: नॅशनल डिजिटल लायब्ररी, स्वयम, ई-पीजी पाठशाला, एनपीटीईएल, शोधगंगा. प्रत्येकासमोर इंटरनेटचा लांबलचक पत्ता, बारीक इंग्रजी टायपात, तो विद्यार्थ्यानं बघून बघून टाइप करायचा. विकतच्या ई-पुस्तकांची सोय वेगळी, तिला प्रत्येकाचा स्वतंत्र पासवर्ड लागतो, आणि ते सगळे पासवर्ड एका कागदावर ग्रंथपालांच्या ड्रॉवरमध्ये. टेबलावर ई-संसाधन वापर नोंदवही. ती मी चाळली. पानामागून पान एकाच निळ्या पेननं, एकाच तिरप्या अक्षरात भरलेलं. सह्यांची वळणं तेवढी बदललेली.

ही नोंदवही कुणासाठी? विद्यार्थ्यासाठी नव्हे, तपासणी समितीसाठी. महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या नियमावलीतला चौथा निकष ग्रंथालयाला विचारत आलाय की कुठल्या ई-संसाधनांचं सदस्यत्व घेतलंत, पुस्तकांवर आणि नियतकालिकांवर वर्षाला खर्च किती, रोज वापर किती. प्रश्न रास्त आहेत. पण फुकटच्या पुस्तकाची पावती नसते. पावती नाही म्हणजे खर्चाच्या रकान्यात आकडा नाही, आणि रकाना रिकामा राहिला की प्राचार्यांचा घसा कोरडा पडतो. म्हणून जे कुणी उघडणार नाही ते विकत घ्यायचं, जे सगळ्यांना वापरता येईल ते भिंतीवर टांगायचं, आणि वापर झाला असं निळ्या पेननं लिहायचं. पत्त्यांची यादी लावून ग्रंथालय डिजिटल झालं म्हणणं म्हणजे लग्नपत्रिका दाराला अडकवून पंगत उठली म्हणणं. तरी दरवर्षी या यादीचं उद्घाटन होतं, नारळ फुटतो, शाल पांघरली जाते, आणि फोटोसह बातमी दुसऱ्या दिवशी जिल्हा पानावर.

पुस्तक विकत आलं की ग्रंथपाल काय करतो ते आठवा. दाखल क्रमांक देतो. वर्गांक देतो. तालिकेत नोंद करतो. मग ते फडताळात जातं आणि मागणाऱ्याच्या हाती येतं. खुल्या पुस्तकाच्या वाट्याला यातलं काहीच का येत नाही? तांत्रिक अडचण आहे म्हणाल तर ती खोटी आहे. कोहा ही ग्रंथालयाची संगणकप्रणाली न्यूझीलंडमधल्या एका ग्रामीण ग्रंथालयानं तयार करवून घेतली आणि 2000 सालापासून ती जगाला फुकट उपलब्ध आहे. आपल्याकडच्या कित्येक महाविद्यालयांत ती बसवलेली आहे. तिच्यात प्रत्येक नोंदीला 856 क्रमांकाचा एक रकाना असतो, खास ऑनलाइन पुस्तकाचा पत्ता टाकण्यासाठी. ग्रंथालयशास्त्राच्या पहिल्या वर्षाला तो शिकवतात, परीक्षेत त्यावर प्रश्न येतो, विद्यार्थी उत्तर लिहून पास होतो, ग्रंथपाल होतो आणि निवृत्त होईपर्यंत त्या रकान्यात एक अक्षर टाकत नाही.

तो भरला तर काय होईल? विद्यार्थिनीनं ओपॅकवर, म्हणजे ग्रंथालयाच्या ऑनलाइन तालिकेत, ‘सेंद्रिय रसायनशास्त्र’ शोधलं की कपाटातल्या चार जीर्ण पुस्तकांच्या जोडीला खुलं पुस्तकही दिसेल. नोंदीत आणखी एक ओळ टाकली, अमुक सत्र, अमुक घटक, पुस्तकातलं अमुक प्रकरण, की तिला नेमकं पान सापडेल. ही ओळ महत्त्वाची आहे. नॅशनल डिजिटल लायब्ररी आयआयटी खरगपूरनं उभी केली, 2018 साली ती देशाला अर्पण झाली, आणि तिच्यात साहित्याचा महासागर आहे. पण बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाच्या मुलीला महासागरात ढकलून किनाऱ्यावरून टाळ्या वाजवणं याला ग्रंथालयसेवा म्हणत नाहीत. मी एकीला विचारलं, वापरून पाहिलं का? “सर, हजार गोष्टी येते त्याच्यात, पण आपल्या सिलॅबसचं भेटतच नाही न.” एका वाक्यात तिनं अख्ख्या परिसंवादाचा निकाल लावला. वाचकाचा वेळ वाचवणं हा रंगनाथनांनी 1931 साली मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच नियमांतला चौथा. त्यांच्या जयंतीला आपण ग्रंथपाल दिन करतो, तसबिरीला हार घालतो, आणि वाचकाचा वेळ वाया घालवायला मोकळे होतो.

दुसरी गोष्ट वीज आणि नेट. पावसाळ्यात या जिल्ह्यात दोन्ही कधी दगा देतील याचा नेम नाही. पत्त्यांची यादी त्या दिवशी मेली. खुल्या परवान्याचं बळ नेमकं इथे आहे: पुस्तकाची प्रत तुमच्या संगणकावर ठेवायला तुम्ही मोकळे आहात. डीस्पेस हे डिजिटल संग्रह सांभाळणारं सॉफ्टवेअर एमआयटी आणि ह्यूलेट-पॅकार्ड यांनी 2002 मध्ये मोफत सोडलं. किविक्स नावाची प्रणाली अख्खा विकिपीडिया नेटशिवाय वाचू देते. एक बरा संगणक, एक राउटर, आणि ग्रंथालयाच्या परिसरात बसून डेटा न जाळता मुलं पुस्तकं उतरवून घेऊ शकतात. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पानं संगणकाचे छोटे छोटे पाठ केलेत, शिक्षकाविना आणि नेटविना शिकता यावेत असे, त्यांतले कित्येक मराठीत, आणि तेही खुल्या परवान्यावर. आपल्याच राज्यात झालेलं, आपल्याच भाषेतलं. ते सर्व्हरवर उतरवून ठेवायला कुठल्या समितीची मंजुरी लागते? कुठल्याच नाही. मग ते तिथे का नाहीत? कुणी बसून उतरवलं नाही म्हणून. याहून खोल कारण मला तरी सापडलेलं नाही.

आणि आता मुख्य मुद्दा. शोधता येणं, उतरवता येणं ही पहिली पायरी झाली. खुल्या पुस्तकाची खरी ताकद त्यात हात घालता येण्यात आहे, आणि आपली विद्वान मंडळी नेमकी तिथेच आंधळी होतात.

2017 चा खरीप आठवा. यवतमाळ जिल्ह्यात पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीवर, फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. शेकडो जणांना बाधा झाली, काहींच्या डोळ्यांवर परिणाम झाला. वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात खाटा अपुऱ्या पडल्या. पऱ्हाटी डोक्याइतकी वाढलेली, पाठीवर पंप, तोंडाला फार तर दुपट्टा, आणि फवारा वर मारायचा म्हणजे तो आपल्याच अंगावर येणार. चौकशा झाल्या, अहवाल आले, दिल्ली-मुंबईहून पत्रकार आले, परदेशातूनही आले.

मी रसायनशास्त्र शिकवतो. ऑर्गनोफॉस्फरस संयुगं शरीरात काय करतात हे आमच्या विषयाच्या परिघातलं. असिटिलकोलिनएस्टरेज नावाचं विकर ती बांधून टाकतात, मज्जातंतूंचा निरोप थांबायच्या ऐवजी चालूच राहतो, लाळ सुटते, बुबुळं आकसतात, श्वास कोंडतो. त्यावर अ‍ॅट्रोपीन का देतात, बाटलीवरच्या त्रिकोणाचा रंग काय सांगतो, लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा, हे सगळं एका तासात सांगून होतं. माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांच्या घरी तो पंप आहे. रविवारी तो त्यांच्याच पाठीवर असतो. आणि त्यांच्या हातातल्या पुस्तकात उदाहरणं कुठली? परक्या देशातल्या शेतांची, परक्या पिकांची. गाईडमध्ये तर तीही नाहीत, व्याख्या आणि चार गुणांचे मुद्दे तेवढे.

अमेरिकेच्या राइस विद्यापीठातून 2012 पासून निघणाऱ्या ओपनस्टॅक्सच्या पुस्तकांत रसायनशास्त्राचं भक्कम पाठ्यपुस्तक आहे. नाव द्या आणि हवं ते करा, या परवान्यावर ते प्रसिद्ध झालं. म्हणजे मी त्यातलं एक प्रकरण उचलून मराठीत आणू शकतो, तिथलं उदाहरण काढून पऱ्हाटी घालू शकतो, फवाऱ्याच्या पंपाचं चित्र काढू शकतो, त्रिकोणाचे रंग छापू शकतो, आणि पांढरकवड्यातल्या शिक्षकाला देऊ शकतो. तो त्यात आणखी भर घालेल. कायदा आमच्या बाजूनं आहे. पुस्तक आमच्या बाजूनं आहे. विद्यापीठानं मात्र आजवर एका शिक्षकाला विचारलेलं नाही की बाबा, एवढं करतोस का, तुला पेपर काढायला देतो तेवढं तरी मानधन देतो. असं एखादं परिपत्रक निघाल्याचं महाराष्ट्रातल्या कुठल्या कोपऱ्यातून कुणी दाखवावं, मी त्याचा जाहीर सत्कार करीन.

उलट आपल्याकडे काय चालतं? बालभारतीची पुस्तकं इंटरनेटवर फुकट मिळतात, ही चांगलीच गोष्ट, पण आत ठळक बजावलेलं असतं की लेखी परवानगीशिवाय काही उद्धृत करायचं नाही. जनतेच्या पैशानं लिहिलेलं पुस्तक, जनतेच्या पोरांसाठी, आणि जनतेतल्या मास्तरानं त्यातली आकृती आपल्या टिपणात घ्यायची तर अर्ज करायचा. विद्यापीठांची गोष्ट याहून वाईट. कुठल्याही अभ्यासक्रमाच्या शेवटची संदर्भग्रंथांची यादी काढा. बाजारातून केव्हाच नाहीशी झालेली पुस्तकं, गेल्या यादीतून जशीच्या तशी उचललेली, छपाईच्या चुकांसकट. त्या यादीत एका तरी खुल्या पुस्तकाचं नाव शोधून दाखवा. अभ्यासमंडळावरच्या मंडळींना ती माहीत नाहीत, किंवा माहीत असून यादीत घालायची नाहीत, कारण यादीतली काही पुस्तकं कुणाची आहेत ते तुम्हीही जाणता आणि मीही.

यांचे तीन ठरलेले बचाव असतात. पहिला, दर्जा. फुकटच्या गोष्टीला दर्जा नसतो म्हणे. हे कोण म्हणतं? ज्यांच्या वर्गातली सगळी मुलं अपेक्षित प्रश्नसंचावर पास होतात ते. महाविद्यालयाच्या फाटकासमोर गाईडांची थप्पी लागलेली असते तेव्हा यांचा दर्जा कुठे फिरायला गेलेला असतो? आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्यानं एनपीटीईएलवर आहेत, काहींचे मराठी अनुवादही आहेत. ती दर्जाहीन आणि फाटकासमोरची पिवळी चोपडी दर्जेदार?

दुसरा, कॉपीराइट. हा शब्द उच्चारला की खोलीत शांतता पसरते, कारण कायदा कुणी वाचलेला नसतो. ज्याचा परवानाच बदल करा म्हणतो त्याच्याबद्दल कॉपीराइटची धास्ती घालणं म्हणजे शुद्ध आळस. आणि बंद पुस्तकांच्या बाबतीतही कायदा तुम्ही समजता तेवढा निष्ठुर नाही. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातल्या रामेश्वरी फोटोकॉपीवर ऑक्सफर्ड, केम्ब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस यांनी 2012 साली दावा ठोकला, की आमच्या पुस्तकांतली प्रकरणं एकत्र करून हा मुलांना विकतो. 16 सप्टेंबर 2016 रोजी दिल्ली उच्च न्यायालयानं तो फेटाळला. 1957 च्या कायद्याच्या 52 व्या कलमात शिकवण्याच्या ओघात केलेल्या प्रतींना सूट आहे, हे न्यायालयानं ठणकावून सांगितलं. एका झेरॉक्सवाल्याच्या खटल्यानं देशभरच्या विद्यार्थ्यांसाठी जे पदरात पाडून घेतलं, ते आपल्या विद्यापीठांच्या कुठल्या प्राधिकरणानं कधी मिळवलं सांगा. वर, लेखकाच्या निधनानंतर 60 वर्षांनी पुस्तक सर्वांचं होतं. महात्मा फुले कधीचेच मुक्त झाले. डॉ. आंबेडकरांचं त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेलं लेखन 2017 उजाडताच मुक्त झालं. ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहिणाऱ्या ताराबाई शिंदे बुलडाण्याच्या, आपल्याच विद्यापीठाच्या परिघातल्या, 1882 सालचं पुस्तक. त्याची शुद्ध केलेली, शोधता येणारी, टिपांसह आवृत्ती बुलडाणा-यवतमाळच्या मराठी विभागांनी मिळून काढायला हरकत कुणाची आहे? ताराबाईंची तर नसणार.

तिसरा बचाव सगळ्यात नीच. मुलं वाचतच नाहीत. मुलं वाचतात, साहेब. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात झेरॉक्सच्या दुकानात जाऊन बघा, पाय ठेवायला जागा नसते. वर्षानुवर्षं फिरत आलेली, चौथ्या-पाचव्या प्रतीत अक्षरं पुसट झालेली टिपणं मुलं पैसे मोजून घेतात. त्या दुकानदाराला अभ्यासक्रम, घटक, मागणी आणि वेळ या चारही गोष्टी कळतात. डिजिटल ग्रंथालयाला यातली एकही कळत नाही, आणि दोष पोरांचा?

एक अडचण खरी आहे, ती मान्य केलीच पाहिजे. ग्रंथपालांची पदं वर्षानुवर्षं रिकामी आहेत. निवृत्त झालेल्याच्या जागी माणूस येत नाही, तासिका तत्त्वावरचा शिक्षक ग्रंथालयाची किल्ली सांभाळतो, आणि त्याला स्वतःच्या पुढच्या महिन्याची खात्री नसते. अशा माणसाकडून तालिकेतल्या नोंदींची अपेक्षा करणं क्रूरपणा आहे. पण हा प्रश्न मांडायला परिसंवाद भरतो का? नाही. परिसंवाद भरतो कृत्रिम बुद्धिमत्ता आणि भविष्यातलं ग्रंथालय यावर. भविष्यातलं ग्रंथालय! आजच्या ग्रंथालयात माणूस नाही.

पैशाचं रडगाणं मात्र कुणी गाऊ नये. 25 नोव्हेंबर 2024 रोजी केंद्रीय मंत्रिमंडळानं ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ योजनेला तीन वर्षांसाठी 6000 कोटी रुपये मंजूर केले. 30 आंतरराष्ट्रीय प्रकाशकांची जवळपास 13,000 नियतकालिकं सरकारी संस्थांना वाचायला मिळावीत म्हणून. संशोधकाला नियतकालिक लागतं, मी त्या खर्चाच्या विरोधात नाही. पण वर्गणी संपली की दार बंद. भाषांतराची मुभा नाही, बदलाची नाही, पांढरकवड्याला पाठवायची नाही. त्या रकमेच्या कणाएवढा हिस्सा मराठीतल्या खुल्या पाठ्यपुस्तकांवर खर्च झाला तर ती पुस्तकं कायमची आपली राहतील. जुलै 2024 मध्ये भारतीय भाषांत पाच वर्षांत 22,000 पुस्तकं करण्याचा ‘अस्मिता’ प्रकल्प जाहीर झाला. माझा प्रश्न एकच आहे, आणि तो विचारताना मी दमणार नाही: त्या पुस्तकांच्या दुसऱ्या पानावर काय छापणार? सर्व हक्क सुरक्षित?

मराठी ज्ञानभाषा व्हावी हे वाक्य यवतमाळनं दोन अखिल भारतीय साहित्य संमेलनांच्या मांडवांत ऐकलंय, 1973 मध्ये आणि 2019 मध्ये. 3 ऑक्टोबर 2024 रोजी केंद्रानं मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, तेव्हा फटाके वाजले. लीळाचरित्राच्या रिद्धपुरात मराठी भाषेचं विद्यापीठ उभं राहिलं. आनंदच आहे. पण ज्ञानभाषा ठरावानं होत नाही. ती एकेका प्रकरणानं होते, आणि ते प्रकरण युनिकोडमध्ये टाइप करावं लागतं. आपल्या विद्यापीठांतली मराठी टिपणं आजही जुन्या फाँटात अडकून पडलीत किंवा वाकडी स्कॅन केलेली आहेत. पानावर मराठी दिसते, पण शोधायला जा, यंत्राला तिथे निरर्थक चिन्हं नाही तर नुसतं चित्र भेटतं. असा संग्रह ओपॅकवर चढवला तरी मुलीला त्यातलं एक अक्षर सापडणार नाही. हे दुरुस्त करायला संमेलन लागत नाही, टंकलेखक लागतो.

नव्या शैक्षणिक धोरणानं पदवीच्या मुलांना फील्ड प्रोजेक्ट लावलाय. आमची पोरं कोलाम पोडांवर जातात, बंजारा तांड्यांवर जातात, विहिरींच्या पाण्याचे नमुने आणतात, गोरमाटी गाणी उतरवून घेतात. स्पायरल बाइंडिंग होतं, गुण चढवले जातात, गठ्ठा बाकाखाली जातो आणि दोन वर्षांनी रद्दीत. या जिल्ह्याबद्दल जगात कुठेही न मिळणारी माहिती आपण किलोच्या भावानं विकतो, आणि भिंतीवर दुसऱ्यांच्या संकेतस्थळांचे पत्ते टांगतो. ज्यांच्याकडून माहिती घेतली त्यांची संमती घेऊन, शिक्षकानं तपासून, यातले निवडक अहवाल विद्यापीठाच्या संग्रहात खुले ठेवले तर पुढच्या वर्षीची मुलं तिथून पुढे सुरुवात करतील. आज दर तुकडी शून्यापासून सुरू करते.

मी फवारणीच्या विषबाधेचं प्रकरण मराठीत लिहायला घेतलंय. युनिकोडमध्ये, आकृत्यांसह, नाव द्या आणि हवं ते करा या परवान्यावर. वणी, पुसद, दिग्रस, घाटंजीच्या रसायनशास्त्राच्या शिक्षकांनी त्यातल्या चुका काढाव्यात, वैद्यकीय महाविद्यालयातल्या डॉक्टरांनी उपचाराचा भाग तपासून द्यावा, आणि अभ्यासमंडळानं येत्या बैठकीत ते संदर्भयादीत घालावं. ग्रंथपालांनी त्याला दाखल क्रमांक द्यावा आणि 856 च्या रकान्यात पत्ता टाकावा. टाकला नाही तर का टाकला नाही ते विचारायला मी स्वतः येणार आहे, आणि सोबत विद्यार्थी आणणार आहे.